एक्सेलमध्ये ‘किलो’ टाइप करू नका! कस्टम नंबर फॉरमॅट, दुकानदाराच्या भाषेत



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कस्टम नंबर फॉरमॅट बघितला. व्हिडिओ बघता बघता कोड उतरवून घ्यायला जमत नाही, ही तुमची नेहमीची तक्रार. म्हणून सगळे कोड इथे लिहून देतोय. शिवाय व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. ती आधी वाचा. मग हा फॉरमॅट शिकायला एक तास का घालवायचा, ते आपोआप कळेल.

बेसनाची दिवाळी

आमचं कराडला किराणा दुकान आहे. बीबीए झाल्यावर मी दुकानात बसायला लागलो आणि पहिलं काम काय केलं, तर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, स्टॉकची वही बंद करून एक्सेल सुरू केलं. कॉलेजात एक्सेलचा पेपर दिलेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा समज होता.

माल तीन ठिकाणी असायचा. दुकान, मागची खोली आणि गल्लीतलं गोदाम. बेसनाचे दोन ब्रँड. म्हणजे बेसनाच्या सहा ओळी. रोज संध्याकाळी मी किंवा दुकानातला पोरगा मोजायचो आणि शीटमध्ये भरायचो. मी नुसता आकडा टाकायचो. पोरगा माझ्यापेक्षा नीट काम करणारा, तो व्यवस्थित ‘५० किलो’ असं लिहायचा. दिसायलाही छान दिसायचं.

दिवाळीच्या तोंडावर मी बेसनाची बेरीज बघितली. ७५ किलो. आम्हाला फराळाच्या सीझनला अंदाजे २५० किलो लागतं. मी लगेच १७५ किलोची ऑर्डर दिली.

अण्णा म्हणाले, “अरे, गोदामात पोती दिसत नाहीत का तुला?”

मी म्हणालो, “अण्णा, कॉम्प्युटरची बेरीज चुकत नसते.”

बेरीज खरंच चुकली नव्हती. माझ्या तीन ओळी होत्या ३०, २५ आणि २०. त्यांची बेरीज ७५, बरोबर. पोराच्या तीन ओळींत प्रत्येकी ‘५० किलो’ होतं, ते एक्सेलने धरलंच नाही. खरा स्टॉक होता २२५ किलो. मागवायचं होतं २५, मागवलं १७५. दीडशे किलो बेसन जास्तीचं आलं. तेव्हाच्या आमच्या खरेदी भावाने, म्हणजे ८० रुपये किलोने, १२,००० रुपये दिवाळीच्या ऐन गर्दीत अडकले. दिवाळी संपली की बेसनाचा उठाव पडतो. थोडं भजी-वडापावच्या गाड्यांना भाव पाडून दिलं, थोड्याला जाळी लागली.

अण्णा काही बोलले नाहीत. नंतर महिनाभर ते वहीतच स्टॉक लिहीत होते, एवढंच.

एक्सेल गप्प का बसलं?

तुम्ही सेलमध्ये 50 टाइप केलं तर एक्सेल त्याला आकडा समजतं. ‘50 किलो’ टाइप केलं तर तो मजकूर झाला, जसं एखाद्या गिऱ्हाईकाचं नाव. आणि सम फंक्शनला तुम्ही पूर्ण कॉलम दिला, तर ते मजकुराचे सेल गुपचूप सोडून देतं. लाल खूण नाही, सूचना नाही, काही नाही. बेरीज कमी येते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून ऑर्डर देतो.

गंमत बघा. सम न वापरता एकेक सेल अधिक चिन्हाने जोडला असता, तर एक्सेलने लगेच चूक दाखवली असती. म्हणजे सोपा मार्ग वापरला म्हणून चूक लपली.

हीच चूक आपण आणखी कशी करतो? ‘रु. 500’ लिहितो. ‘500/-’ लिहितो, कारण चेकवर तशी सवय आहे. ‘12 नग’, ‘3 डझन’, ‘15 दिवस’. हे सगळे मजकूर.

ओळखायचं कसं? सेलची मांडणी तुम्ही बदलली नसेल, तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. कॉलमवर वरून खाली नजर टाका. मधेच एखादा डावीकडे सरकलेला दिसला की समजा, तो बेरजेत नाही. म्हणूनच माझं ऐका, आकड्यांचे कॉलम छान दिसावेत म्हणून मधोमध करू नका. ही खूणच पुसली जाते.

मग ‘किलो’ दिसायलाही हवं आणि बेरीजही व्हायला हवी, तर काय करायचं? आत नुसता आकडा ठेवायचा आणि ‘किलो’ त्याच्या अंगावर चढवायचं. कस्टम नंबर फॉरमॅट म्हणजे आकड्याचे कपडे. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही, तसा फॉरमॅट बदलला म्हणून आतला आकडा बदलत नाही. हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवा. फायदेही याच्यातूनच येतात आणि शेवटी सांगितलेले धोकेही याच्यातूनच.

हा फॉरमॅट कुठे लिहायचा?

एक्सेलमध्ये:

१. ज्या सेलना फॉरमॅट द्यायचा ते निवडा.
२. कंट्रोल दाबून ठेवून 1 दाबा. फॉरमॅट सेल्सची खिडकी उघडते.
३. नंबर टॅबमध्ये डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली कस्टम आहे, ते निवडा.
४. टाइप नावाच्या चौकटीत जे असेल ते पुसा आणि आपला कोड लिहा. ओके.

गूगल शीट्समध्ये फॉरमॅट मेनू, मग नंबर, मग कस्टम नंबर फॉरमॅट. हे काम कॉम्प्युटरवर बसूनच करा.

दोन गोष्टी आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच कोडला अडाल. पहिली, या लेखात मी आकडे मराठीत लिहितोय, पण कोडमधले शून्य आणि आकडे इंग्रजीच हवेत. दुसरी, अवतरण चिन्ह कीबोर्डवरचं सरळ हवं. व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून कोड चिकटवला तर कधीकधी वाकडं, गोल अवतरण येतं आणि एक्सेल कोड नाकारतं. अशा वेळी अवतरण पुसून स्वतः टाइप करा.

पहिला कोड: किलो

0" किलो"

सेलमध्ये 50 टाइप करा, दिसेल 50 किलो. आता तो सेल निवडून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे नुसतं 50 आहे. बेरीज, गुणाकार सगळं चालतं. अवतरणातल्या ‘किलो’च्या आधी एक मोकळी जागा सोडलीये, नाहीतर आकडा आणि किलो चिकटतात. अवतरणाच्या आत मराठी खुशाल लिहा. नग, डझन, पेटी, पोतं, काहीही.

पण या कोडमध्ये एक फट आहे. त्याच सेलमध्ये 2.5 टाइप करा. दिसेल 3 किलो. कोडमध्ये दशांशाला जागाच दिली नाही, म्हणून एक्सेलने जवळचा पूर्ण आकडा दाखवला. आत अडीचच आहे. सुट्या मालासाठी हा कोड वापरा:

0.000" किलो"

आता 2.500 किलो दिसेल, वजनकाट्यावर दिसतं तसंच.

शून्य आणि # यांत फरक काय? शून्य म्हणजे ‘इथे अंक दाखवायचाच, नसेल तर 0 दाखव’. # म्हणजे ‘अंक असेल तर दाखव, नसेल तर जागा सोडून दे’. म्हणून 000 या कोडला 7 दिला तर 007 दिसतं आणि ### ला 7 दिला तर नुसतं 7. रुपयांसाठी नेहमीचा कोड #,##0 असतो, तो याच हिशोबाने बनलाय. आणि तुमची ती ‘/-’ची सवय मोडायची नसेल तर:

#,##0"/-"

500 टाइप करा, 500/- दिसेल, आणि बेरजेतही येईल.

एका सेलला चार खोल्या

आता खरी मजा. एका कोडमध्ये चार भाग लिहिता येतात, मधे अर्धविराम टाकून. पहिला भाग अधिक आकड्यांसाठी, दुसरा उणे आकड्यांसाठी, तिसरा शून्यासाठी, चौथा मजकुरासाठी. आकडा कुठल्या प्रकारचा आहे ते बघून एक्सेल त्याला आपोआप त्याच्या खोलीत पाठवतं.

आपल्या उधारीच्या वहीला हे तंतोतंत लागू पडतं. गिऱ्हाईकाची बाकी म्हणजे एकूण माल वजा एकूण जमा. अधिक आली तर त्याच्याकडून येणे. उणे आली तर त्याने जास्त पैसे देऊन ठेवलेत, म्हणजे आपल्याकडे जमा. शून्य आली तर हिशोब चुकता.

#,##0" येणे";#,##0" जमा";"चुकते"

बाकी 1500 असेल तर 1,500 येणे. उणे 300 असेल तर 300 जमा. शून्य असेल तर चुकते. उणे भागात वजाचं चिन्ह मी मुद्दाम लिहिलेलं नाही. दुसरा भाग तुम्ही स्वतः लिहिला की एक्सेल वजाचं चिन्ह स्वतःहून लावत नाही. इथे ‘जमा’ हा शब्दच ते काम करतोय. नफा-तोट्याच्या शीटमध्ये मात्र विसरू नका. तिथे दुसऱ्या भागात वजाचं चिन्ह स्वतः टाका, नाहीतर तोटा नफ्यासारखा दिसेल आणि तुम्ही खूश होऊन घरी जाल.

रंगही देता येतो. त्या भागाच्या सुरुवातीला चौकटी कंसात रंगाचं इंग्रजी नाव लिहा, रेड किंवा ब्लू. येणे लाल आणि जमा निळं केलं की महिनाअखेरीला यादी वाचावी लागत नाही, नुसती बघावी लागते.

आता चौथी खोली. बेसनाच्या वेळी मला हीच माहीत हवी होती. हा आमच्या दुकानातल्या स्टॉकचा सध्याचा कोड:

0.000" किलो";"उणे कसं?";"संपलं";"नुसता आकडा लिहा"

आता कोणी ‘50 किलो’ असं टाइप केलं, की एक्सेल त्याला मजकूर समजून चौथ्या खोलीत पाठवतं आणि सेलमध्ये दिसतं ‘नुसता आकडा लिहा’. त्याने काय लिहिलं ते आत तसंच असतं, पण दिसत नाही. भरणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळते. आणि स्टॉक उणे झाला, म्हणजे विक्री जास्त लिहिली गेली किंवा आवक लिहायची राहिली, तर ‘उणे कसं?’ दिसतं. स्टॉक उणे असूच शकत नाही ना! फक्त लक्षात असू द्या, सेलमध्ये आकडा उणेच असतो, बेरजेत तो उणेच धरला जातो. त्यामुळे ते शब्द दिसले की आधी नोंद शोधा.

ज्यांना आणखी पक्कं कुलूप हवंय, त्यांनी सोबत डेटा व्हॅलिडेशन लावावं. डेटा टॅबमध्ये आहे. तिथे फक्त डेसिमल घ्यायचं असं सांगितलं की मजकूर टाइपच करू देत नाही. त्यावर आपला वेगळा व्हिडिओ आहे.

अट घातलेले कोड

चौकटी कंसात अटही लिहिता येते. मसाला, सुका मेवा विकणाऱ्यांनी हा कोड घ्याच:

[>=1000]0.00," किलो";0" ग्रॅम"

सगळी वजनं ग्रॅममध्ये टाइप करायची. 750 टाकलं तर 750 ग्रॅम. 2500 टाकलं तर 2.50 किलो. शेवटच्या शून्यानंतरचा जो स्वल्पविराम आहे ना, तो आकड्याला दिसण्यापुरतं १,००० ने भागतो. आत २,५०० ग्रॅमच आहेत, त्यामुळे ग्रॅम आणि किलो यांची मिसळ होत नाही. ‘हा २ म्हणजे दोन किलो की दोन ग्रॅम’ असा प्रश्नच येत नाही.

उधारी किती दिवसांची झाली? आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करा, दिवस मिळतात. हे जमतं, कारण एक्सेलसाठी तारीख हा सुद्धा आत एक आकडाच असतो. १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजलेले दिवस. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणून कधी तारखेच्या जागी असा पाच अंकी आकडा दिसला तर घाबरू नका, तारखेचे कपडे उतरलेत फक्त. डेट फॉरमॅट दिला की परत येतात. उलटंही होतं. वजाबाकीच्या सेलला तारखेचा फॉरमॅट लागला तर दिवसांच्या जागी १९०० सालची कुठली तरी तारीख दिसते. तिथे हा कोड द्या:

[>30]0" दिवस, फोन करा";0" दिवस"

तीस दिवसांपर्यंत नुसते दिवस, तीसच्या वर गेले की ‘फोन करा’. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी ही यादी बघूनच फोन होतात. उधारी मागायला लाज वाटते ना, मग शीटलाच मागू द्या.

लाख आणि कोटीचे स्वल्पविराम

आपण लिहितो १२,३४,५६७. पुष्कळ कॉम्प्युटरवर #,##0 दिला तर दिसतं १,२३४,५६७. कोडमधला स्वल्पविराम फक्त एवढंच सांगतो की ‘अंकांचे गट कर’. गट किती-कितीचे करायचे, ते एक्सेल विंडोजच्या सेटिंगमधून घेतं. कंट्रोल पॅनेल, रीजन, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, तिथे डिजिट ग्रुपिंगमध्ये भारतीय पद्धत निवडली की तुमच्या कॉम्प्युटरवर लाख-कोटी नीट दिसतात.

अडचण अशी की हे तुमच्याच कॉम्प्युटरपुरतं. आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी मसाल्याच्या युनिटसाठी कर्जाची फाइल बनवली होती. घरी सगळं छान दिसत होतं. प्रिंट काढली बाहेरच्या एका दुकानातून. तिथे स्वल्पविराम परदेशी पद्धतीने पडले. बॅंकेत साहेबांनी १,२५०,००० बघितलं आणि विचारलं, “हे साडेबारा लाख की सव्वा कोटी?” ताई गोंधळल्या. आकडा बरोबर होता, पण स्वतःच्या प्रकल्पाचा आकडा सांगताना त्या अडखळल्या, आणि समोरच्याला ते दिसलं. फाइल नीट करून पुन्हा जावं लागलं.

म्हणून जी फाइल दुसऱ्याकडे जाणार, तिला हा कोड:

[>=10000000]"₹ "##\,##\,##\,##0;[>=100000]"₹ "##\,##\,##0;"₹ "##,##0

वाचायला भयानक आहे, पण अर्थ सोपा. एक कोटी किंवा वर असेल तर पहिली मांडणी, एक लाख किंवा वर असेल तर दुसरी, बाकी सगळ्याला तिसरी. तिरप्या रेघेनंतरचा स्वल्पविराम म्हणजे ‘हा इथेच ठेव, सेटिंग विचारू नकोस’. म्हणून तो कुठल्याही कॉम्प्युटरवर जागचा हलत नाही.

याची मर्यादा पण सांगतो. दोन अटी आणि एक ‘बाकी सगळे’, एवढंच एका कोडमध्ये बसतं. उणे आकडे त्या ‘बाकी सगळे’मध्ये जातात, त्यामुळे उणे अडीच लाख असतील तर गट पुन्हा सेटिंगप्रमाणे पडतात. कर्जाच्या फाइलमध्ये खर्च वेगळ्या कॉलममध्ये अधिक आकड्यांतच दाखवा, प्रश्न मिटतो.

आता धोके. हा भाग सोडू नका

कपडे बदलून माणूस बदलत नाही, हे वर म्हटलं. त्याचीच दुसरी बाजू ही, की कपडे बघून माणूस ओळखायला गेलात तर फसता.

पहिला धोका, पैशांची काटछाट. बिलात पैसे दिसू नयेत म्हणून तुम्ही 0 हा कोड दिला. तीन वस्तू, प्रत्येकी ४०.४० रुपये. दिसतात ४०, ४०, ४०. खरी बेरीज १२१.२०, दिसते १२१. समोरच्या काकू बोटांवर मोजतात, १२० होतात. एक रुपयाचाच प्रश्न, पण काकूंच्या मनात येतं की हा प्रत्येक बिलात रुपया काढतो. हे माझ्याच काउंटरवर झालंय. रुपया सोडून दिला, तरी शंका राहिलीच. बिलात फॉरमॅटने पैसे लपवू नका. एकतर पैसे दाखवा आणि शेवटी राउंड ऑफची वेगळी ओळ द्या, नाहीतर राउंड फंक्शन वापरून प्रत्येक ओळीचा आकडाच पूर्ण करा. राउंड आतला आकडा बदलतं, फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो.

दुसरा धोका, लपवलेला खरेदी भाव. तीन नुसते अर्धविराम (;;;) हा कोड दिला की सेल रिकामा दिसतो. चारही खोल्या रिकाम्या, म्हणून काहीच दिसत नाही. काही जण खरेदी भावाचा कॉलम असा लपवतात आणि तीच एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईकाला पाठवतात. समोरच्याने सेलवर नुसतं क्लिक केलं, की फॉर्म्युला बारमध्ये तुमचा खरेदी भाव हजर! मग तो मार्जिन काढून भाव पाडून मागणार. लपवणं म्हणजे कुलूप नाही. भावपत्रक वेगळ्या फाइलमध्ये बनवा आणि पीडीएफ करून पाठवा.

तिसरा धोका, टक्के. सेलमध्ये आधी 18 लिहिलं आणि नंतर टक्क्याचं बटण दाबलं तर १८००% होतं. कारण एक्सेलसाठी १८% म्हणजे आत ०.१८. आधी फॉरमॅट द्या, मग 18 टाइप करा.

चौथा धोका, सीएसव्ही. ऑनलाइन स्टोअरला किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरला माल चढवायला आपण सीएसव्ही फाइल बनवतो. एक्सेल त्यात सेलमध्ये दिसतं तेच लिहितं. म्हणजे 50 च्या जागी ‘50.000 किलो’ जातं आणि पलीकडचं सॉफ्टवेअर त्याला मजकूर समजतं. पुन्हा बेसनाचीच गोष्ट! सीएसव्ही काढायच्या आधी त्या कॉलमचा फॉरमॅट जनरल करा.

ज्याची बेरीज नाही, तो आकडा नाही

बॅचमध्ये नेहमी विचारतात, “सर, एचएसएन कोडच्या आधीचा शून्य उडतो, काय करू?” चहाचा एचएसएन 0902. टाइप केला की 902 उरतं. 0000 हा फॉरमॅट दिला तर शून्य दिसेल, पण आत 902 च आहे.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. याची बेरीज मी कधी करणार आहे का? दोन एचएसएन कोडची बेरीज करून काय मिळणार? मग तो आकडा नाही, ते नाव आहे. नावाला मजकूरच ठेवा. टाइप करायच्या आधी सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करा. मोबाइल नंबर, जीएसटी नंबर, बॅंक खातं, सगळ्यांना हाच नियम.

बॅंक खात्याला तर नक्कीच. एक्सेल आकड्यातले फक्त १५ अंक सांभाळतं. खातं १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. पेमेंट कुठे जाईल सांगा! बारकोड १३ अंकी असतो, म्हणून तो वाचतो. पण साध्या फॉरमॅटमध्ये 890 ने सुरू होणारा बारकोड मधे इंग्रजी ई असलेल्या विचित्र रूपात दिसतो. आधीच टाइप केला असेल तर 0 हा कोड द्या, पूर्ण दिसेल.

जुनी शीट कशी दुरुस्त करायची?

ज्यांच्या शीटमध्ये आधीच ‘50 किलो’ भरून ठेवलंय, त्यांनी एक लक्षात घ्या. नुसता नवा फॉरमॅट देऊन मजकुराचा आकडा होत नाही. असं करा:

१. फाइलची एक कॉपी काढून ठेवा. हे आधी.
२. तो कॉलम निवडा, कंट्रोल आणि एच दाबा.
३. फाइंडमध्ये एक मोकळी जागा आणि ‘किलो’ लिहा. रिप्लेसची चौकट रिकामी ठेवा. रिप्लेस ऑल.
४. आकडे उजवीकडे सरकले का बघा. सरकले नाहीत तर सेलचा फॉरमॅट टेक्स्ट असणार. तो जनरल करा, मग डेटा टॅबमधून टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि सरळ फिनिश दाबा.
५. आता चार खोल्यांचा कोड द्या. जिथे अजून मजकूर अडकलाय तिथे ‘नुसता आकडा लिहा’ दिसेल. कोणी ‘कि.’ लिहिलेलं असतं, कोणी ‘केजी’. ते हाताने दुरुस्त करा.

कस्टम कोड त्या फाइलपुरताच साठवला जातो. नवी फाइल उघडली की तो यादीत नसतो. म्हणून सगळे कोड लावलेली एक कोरी फाइल बनवून ठेवा आणि दर महिन्याला तिचीच कॉपी काढा. दुसऱ्या कॉलमला तोच फॉरमॅट हवा असेल तर होम टॅबमधला ब्रश, म्हणजे फॉरमॅट पेंटर, वापरा.

आजचा गृहपाठ

सगळे कोड एकदम लावू नका, डोकं गरगरेल. आज फक्त एक शीट उघडा, स्टॉकची किंवा उधारीची. बेरजेच्या कॉलममध्ये डावीकडे सरकलेले किती सेल आहेत ते मोजा. ते दुरुस्त करायच्या आधीची बेरीज आणि नंतरची बेरीज कागदावर लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही आजवर न बघता घेतलेल्या निर्णयांची किंमत. माझी १२,००० होती. तुमची शून्य निघाली तर उत्तमच, पेढे खा.

आणि अण्णांचं काय झालं? आता ते रोज संध्याकाळी स्वतः शीट बघतात. टाइप करत नाहीत, पण बेसनासमोर ‘संपलं’ दिसलं की मला हाक मारतात. तरी ऑर्डर द्यायच्या आधी एकदा गोदामात जाऊन पोती मोजून येतात. मीही जातो सोबत.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात करा, आणि सेलमध्ये नुसता आकडा लिहा!